साखरखेर्डा ते पालखेड : सातारा दरबारातली भांडणे आणि शाहू महाराजांचा स्वभाव

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहास माझा विषय नाही, पण इतिहासाचे शिक्षक रजेवर असले की तो तास माझ्या वाट्याला येतो. अशाच एका तासाला मी मुलांना विचारले की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात कोणती मोठी लढाई झाली. कुणालाच सांगता आले नाही. मग मी साखरखेर्ड्याचे नाव घेतले. सिंदखेडराजा तालुक्यातले हे गाव. तिथे १७२४ साली निजाम-उल-मुल्क आणि मुबारिझखान यांच्यात लढाई झाली आणि दख्खनचा पुढच्या सव्वादोनशे वर्षांचा नकाशा तिथे ठरला, असे मी सांगितले. मागच्या बाकावरच्या मुलाने लगेच विचारले, "सर, मग त्यात आपण जिंकलो की हरलो?"

मी म्हणालो, "आपण म्हणजे कोण रे?"

तो गप्प झाला. वर्गही गप्प झाला. खरे तर माझ्याकडेही पटकन उत्तर नव्हते. कारण त्या लढाईत दोन्ही सेनापती मुसलमान, दोघेही स्वतःला दिल्लीच्या बादशहाचे सुभेदार म्हणवणारे, आणि बाजीराव पेशव्यांची मदत त्यातल्या एकाला, म्हणजे निजामाला. तीनच वर्षांनी हेच बाजीराव याच निजामाविरुद्ध याच मुलखातून घोडे दौडवत गेले. 'आपण' आणि 'ते' या दोन शब्दांत हा इतिहास बसवायला गेलो तर १७२४ साल समजत नाही, आणि बसवलाच तर १७२७ साल समजत नाही.

मग तीन वर्षांत असे काय बदलले? धर्म तोच, मुलूख तोच, चौथाईचा वादही तोच. बदल झाला तो साताऱ्याच्या दरबारात. तिथे कुणाचे वजन वाढले, कुणाचे घटले, आणि सिंहासनावर बसलेल्या माणसाच्या मनाला काय लागले, यावर सगळे फिरले. आज त्याबद्दलच लिहायचे आहे.

आधी थोडे शब्दांविषयी. शिक्षकाची खोड आहे, समजून घ्या. राजकारणात मुरलेल्या माणसाला मराठीत आपण 'मुत्सद्दी' म्हणतो. हा शब्द अरबी 'मुतसद्दी'. मुघल कारभारात मुतसद्दी म्हणजे अंमलदार, हिशेब-कागद सांभाळणारा कारकून. उर्दूत आजही तो शब्द मुनशी-कारकुनाच्याच अर्थाने वापरतात. मराठीने मात्र कारकुनाला बढती देऊन थेट राजकारणी केले. मला यात मोठी समज दिसते. परराज्याशी तह करायचा की लढायचे, हे रणांगणावर ठरण्याआधी कागदावर ठरते. कागद ज्याच्या हातात, त्याचा शब्द राजाच्या कानापर्यंत आधी पोचतो. 'पेशवा' फार्सी, 'चिटणीस' आणि 'फडणवीस' यांतला 'नवीस' म्हणजे लिहिणारा, तोही फार्सी. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत परराज्यांशी व्यवहार पाहणारा डबीर, म्हणजे सुमंत. 'दबीर' म्हणजेही लिहिणाराच. परराष्ट्रखाते म्हणून आज ज्याला आपण ओळखतो, ते आपल्याकडे लिहिणाऱ्यांच्या घरातून आले.

अमेरिकेतल्या ग्रॅहॅम ॲलिसन नावाच्या प्राध्यापकाने १९७१ साली एक पुस्तक लिहिले. १९६२च्या ऑक्टोबरात क्युबातल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या काठावर आले होते, तेव्हा अमेरिकेचे निर्णय कसे झाले याचा तो अभ्यास आहे. त्याचा एक मुद्दा असा, की देश हा एका डोक्याने विचार करणारा प्राणी नसतो. लष्कराचे अधिकारी, परराष्ट्रखाते, हेरखाते, सल्लागार हे सगळे आपापल्या खुर्चीतून दिसेल तेवढेच पाहतात, आपापल्या खात्याचे हित पुढे ढकलतात आणि त्या ओढाताणीतून जे बाहेर पडते त्याला आपण 'देशाचे धोरण' म्हणतो. नंतरच्या अभ्यासकांनी त्यात भर घातली, की ही ओढाताण कशी चालेल हे वर बसलेल्या माणसाच्या स्वभावावर ठरते. तो भांडणे ऐकून घेणारा आहे की मिटवणारा, संशयी आहे की विश्वास टाकणारा, यावर कोणाचा कागद पुढे सरकणार ते ठरते. हे वाचताना मला केनेडींच्या आधी शाहू महाराज आठवले.

शाहू महाराजांचा जन्म १६८२चा. १६८९ साली रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे हे मूल आई येसूबाईंबरोबर औरंगजेबाच्या छावणीत गेले आणि १७०७ साली, पंचविसाव्या वर्षी बाहेर पडले. अठरा वर्षे. सगळे बालपण आणि तारुण्याची सुरवात मुघल छावणीत. ज्या बादशहाने बापाला हालहाल करून मारले, त्याच बादशहाच्या मुलीने, झीनतुन्निसा बेगमेने, या मुलावर माया केली. असे बालपण ज्याचे गेले त्याच्या मनात दिल्लीविषयी काय असेल? निव्वळ द्वेष नसेल आणि निव्वळ प्रेमही नसेल. सुटका झाल्यावर त्यांनी खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले, हे आज ऐकले की दोन्हीकडचे लोक अस्वस्थ होतात. मला त्यात एक सरळ माणूस दिसतो.

सुटून आले तर घरात दार बंद. ताराबाईंनी हे खरे शाहू नव्हेतच, तोतया आहे, असे जाहीर केले. स्वतःच्या गादीवर बसायला त्यांना आधी आपण आपणच आहोत हे सिद्ध करावे लागले. १७०८च्या जानेवारीत साताऱ्याला राज्याभिषेक झाला, पण ही जखम मनात राहिली. पुढे निजामाने नेमके इथेच बोट ठेवले, म्हणून ती ध्यानात ठेवा.

शाहूंचा स्वभाव समकालीन कागदांतून दिसतो तो असा : शांत, माणसे सांभाळणारा, शिकारीचा शौकीन, जुन्या उपकाराला न विसरणारा, आणि कुणाला दुखवून काढून टाकणे ज्याला जमत नाही असा. स्वतः मोहिमेवर जाणे त्यांनी जवळजवळ सोडूनच दिले. त्यामुळे साताऱ्याचा दरबार म्हणजे सर्वांना बोलता येईल अशी जागा झाली. चांगल्या अर्थाने आणि वाईटही.

या दरबारात पेशव्याच्या वर एक पद होते, प्रतिनिधी. राजाराम महाराज जिंजीला असताना ते निर्माण झाले. राजाचाच प्रतिनिधी म्हटल्यावर मान अष्टप्रधानांच्या वर. १७१८ पासून हे पद श्रीपतराव प्रतिनिधींकडे होते. पेशवेपद बाळाजी विश्वनाथांकडे. त्यांनी दिल्लीच्या सय्यद बंधूंशी करार करून १७१९ साली दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, येसूबाईंना कैदेतून परत आणले. शाहूंच्या दृष्टीने हा उपकार फेडण्यापलीकडचा होता. एप्रिल १७२० मध्ये बाळाजी वारले तेव्हा दरबारातल्या जुन्या मंडळींचा विरोध असतानाही शाहूंनी त्यांच्या मुलाला, वीस वर्षेही पूर्ण न झालेल्या बाजीरावांना, पेशवाईची वस्त्रे दिली. त्या एका निर्णयात राज्याचा हिशेब किती होता आणि आईला परत आणणाऱ्या माणसाविषयीची कृतज्ञता किती, हे वेगळे काढता येत नाही.

त्या सहा सुभ्यांत आपला वऱ्हाडही होता, आणि मेहकर तर अकबराच्या काळापासून वऱ्हाड सुभ्यातले सरकार. म्हणजे आपल्या पणजोबांच्या पणजोबांना सुभेदाराचा वसूल द्यायचा आणि त्याच्या चौथ्या हिश्शाची मागणी घेऊन मराठ्यांचा कमाविसदारही यायचा. वर सरदेशमुखीचे शेकडा दहा वेगळे. या दुहेरी अमलाला लोक दो-अमली म्हणत. साताऱ्याच्या दरबारात चौथाईवर जी भांडणे झाली ती आपल्याकडच्या ज्वारीच्या कणग्यांवरची भांडणे होती.

आता साखरखेर्डा. निजाम-उल-मुल्क, म्हणजे मीर कमरुद्दीन, औरंगजेबाच्या तालमीत तयार झालेला माणूस. १७२० मध्ये त्याने सय्यदांच्या फौजा आधी बुऱ्हाणपूरजवळ आणि मग आपल्या शेजारी बाळापूरजवळ मोडल्या. १७२२ मध्ये तो दिल्लीला वजीर झाला. तिथे मुहम्मदशाहाच्या दरबारात त्याचे कुणी ऐकेना. तो जुन्या शिस्तीचा. दरबार नव्या चैनीचा. १७२४ मध्ये तो वजिरी सोडून दख्खनकडे निघाला. दरबाराने उघडपणे विरोध केला नाही, पण आतून हैदराबादच्या मुबारिझखानाला कळवले की निजामाला रोख, दख्खनची सुभेदारी तुझी. दिल्लीतही तेच चालले होते जे साताऱ्यात. फक्त तिथला वरचा माणूस भांडणे ऐकण्याइतकाही जागा नव्हता.

वाटेत धारजवळ नालछा येथे मे महिन्यात बाजीराव आणि निजाम भेटले. ही त्यांची पहिली भेट नव्हे, तिसरी. बाजीरावांनी निजामाच्या बाजूने राहायचे ठरवले. कारण सरळ होते : दख्खनचा सुभेदार होऊ पाहणाऱ्या दोघांपैकी जो आपल्याला चौथाई घेऊ देईल तो बरा. ऑक्टोबरात साखरखेर्ड्याला लढाई झाली. मुबारिझखान आणि त्याची दोन मुले मारली गेली. निजामाने त्याचे शीर दिल्लीला पाठवले आणि बंडखोराचा बंदोबस्त केला असे कळवले. ज्यांनी त्याला उठवले त्यांनाच! बादशहाने मग दख्खनची सुभेदारी निजामाला बहाल केली आणि 'आसफजाह' हा किताबही दिला. झालेल्या गोष्टीला मंजुरीचा शिक्का मारण्याची ही सरकारी पद्धत फार जुनी दिसते.

गावाचे नाव निजामाने बदलून फतहखेडा ठेवले. कागदोपत्री ते नाव बराच काळ टिकले. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच राहिला. मूळ नाव शकरखेडा लिहिलेले सापडते. फार्सीतली 'शकर' आणि मराठीतली 'साखर' एकच. लोकांनी फतह सोडली आणि साखर ठेवली, याचा मला उगीचच आनंद होतो.

इथून पुढे दोन वर्षे बाजीराव कर्नाटकात अडकले. १७२५ आणि १७२६ अशा दोन सालच्या मोहिमा. त्यांचे मन तिकडे नव्हते. पण तंजावरच्या भाऊबंदांविषयी शाहूंना आपुलकी, त्यांना मदत व्हावी ही इच्छा. मोहिमेचे नाव फत्तेसिंह भोसल्यांच्या हाती. हे फत्तेसिंह म्हणजे १७०७ साली पारद गावाच्या पाटलाच्या घरातून शाहूंच्या पदरात आलेले मूल, त्यांनी मुलासारखे वाढवलेले. आता विचार करा, राज्याचा सर्वांत तडफदार सेनानी दक्षिणेत का गेला? एका माणसाला भाऊबंदांची काळजी होती आणि मानसपुत्राला नाव मिळावे असे वाटत होते म्हणून. परराष्ट्र धोरणाच्या पुस्तकात अशा कारणासाठी रकाना नसतो.

बाजीराव दूर असताना साताऱ्यात निजामाने डाव टाकला. त्याला आपल्या हैदराबादच्या भोवतालच्या मुलखात मराठ्यांचे कमाविसदार नको होते. त्याने प्रस्ताव ठेवला : त्या भागातल्या चौथाई-सरदेशमुखीच्या बदल्यात रोख रक्कम आणि जहागीर घ्या, तुमची माणसे काढून न्या. श्रीपतराव प्रतिनिधींनी हे मान्य केले. ग्रँट डफ लिहितो की प्रतिनिधींना निजामाने वऱ्हाडात जहागीर देऊन आपलेसे केले होते. म्हणजे यातही आपला वऱ्हाड आलाच.

आपल्याकडे प्रतिनिधींना एकदम खलनायक करून टाकतात. भित्रा, लाचखाऊ, बाजीरावांच्या पायात पाय घालणारा. मला हे पटत नाही. जहागीर घेतली असेल. त्या काळी कोण घेत नव्हते? पण त्यांचे म्हणणे काय होते ते पाहा. घरचा खजिना रिकामा. कोकणात सिद्दी छातीवर बसलेला. कोल्हापूरची गादी वेगळी. आधी हे निस्तरा, मग नर्मदेपलीकडे पाहा. निजामासारख्या बलाढ्य शेजाऱ्याशी ठरलेली रक्कम दरसाल मिळत असेल तर त्यात वाईट काय? राज्याचा हिशेब ठेवणाऱ्या कुणालाही हे शहाणपणाचे वाटेल.

बाजीरावांची खुर्ची वेगळी. त्यांच्याजवळ पिढीजात मोठी दौलत नव्हती, होते ते कर्ज. सावकारांनी किती गांजले आहे हे त्यांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांतून दिसते. त्यांची फौज, त्यांचे नवे सरदार, शिंदे-होळकर-पवार, हे सगळे चौथाईच्या वसुलीवर उभे होते. गावोगाव आपला कमाविसदार असणे म्हणजे पैसा, बातमी आणि वचक तिन्ही. त्याच्या बदल्यात साताऱ्याच्या खजिन्यात रोख रक्कम आली तर ती प्रतिनिधींच्या नजरेखाली येणार. म्हणून प्रतिनिधींना जो तह फायद्याचा दिसला तोच पेशव्यांना हात तोडल्यासारखा वाटला. दोघेही राज्याचे हितच बोलत होते आणि दोघांचेही स्वतःचे हित त्याच बोलण्यात होते. यात ढोंग आहे असे मी म्हणणार नाही. खुर्चीत बसून बसून माणसाला खुर्चीचे हित हेच देशाचे हित वाटू लागते.

दोघांचा दरबारातला वाद फार प्रसिद्ध आहे. मोगलाईच्या फांद्या तोडत बसण्यापेक्षा बुंध्यावर घाव घालावा, हे बाजीरावांचे म्हणणे शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. पण ते आपल्यापर्यंत आले आहे मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीसारख्या साधनांतून, आणि ती बखर लिहिली गेली एकोणिसाव्या शतकाच्या सुरवातीला, जेव्हा बाजीराव जिंकले हे सगळ्या जगाला ठाऊक होते. जिंकणाऱ्याचे भाषण बखरकाराने सजवले. हरणाऱ्याच्या तोंडी भित्री वाक्ये घातली. प्रतिनिधी खरोखर काय बोलले असतील ते त्यांच्या खुर्चीवरून ओळखावे लागते.

या ओढाताणीत १७२७ साली पारडे प्रतिनिधींकडे झुकलेले होते. निजामाने थोडा धीर धरला असता तर कदाचित तसेच राहिले असते. पण त्याने एक पाऊल पुढे टाकले. चौथाई द्यायची कुणाला? छत्रपती शाहू म्हणतात मी, कोल्हापूरचे छत्रपती संभाजी म्हणतात मी. तेव्हा दोघांनी आपले दावे माझ्यापुढे मांडावेत, बादशहाचा सुभेदार म्हणून मी निवाडा देईन, तोवर वसुली बंद. कायद्याच्या भाषेत हा डाव नामी होता. चंद्रसेन जाधव तेव्हा निजामाच्या पदरी होते, आणि कोल्हापूरला जोडणारा धागाही त्यांचाच.

या चंद्रसेनांचीही एक गोष्ट आहे. हे सेनापती धनाजी जाधवांचे चिरंजीव, मूळ घराणे आपल्या सिंदखेडराजाचे, लखुजीराजांच्या वंशातले. १७११ मध्ये त्यांचे बाळाजी विश्वनाथांशी बिनसले. ग्रँट डफने सांगितलेली हकिकत अशी की शिकारीतल्या एका हरणावरून तंटा पेटला. खरे कारण अर्थातच हरीण नव्हे. सेनापतीच्या वसुलीवर देखरेख ठेवायला शाहूंनी बाळाजींना नेमले होते, ते दुखणे होते. चंद्रसेन आधी ताराबाईंकडे आणि मग निजामाकडे गेले. हिशेबनीस आणि सेनापती यांच्या भांडणाने निजामाला मराठ्यांच्या घरातली खडान् खडा माहिती असलेला सरदार मिळाला. याच घराण्यात शंभर वर्षांपूर्वीही असेच घडले होते. १६२९च्या जुलैमध्ये मुर्तझा निजामशाहाने देवगिरीच्या दरबारात लखुजीरावांना मुले-नातवासह कापून काढले, उरलेले जाधव मोगलांना मिळाले, आणि पुढच्या सात वर्षांत निजामशाही संपली. संशयी सुलतानाने एका दुपारी केलेल्या कृत्याने सिंदखेडची निष्ठा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली. असो, विषयांतर झाले, पण आपल्या गावाचे नाव आले की लेखणी थांबत नाही.

तर निजामाचा निवाडा. निजाम फार हुशार माणूस होता. कागद त्याच्याइतके कुणाला कळत नव्हते. पण शाहू हा माणूस त्याने चुकीचा वाचला. पैसा, मुलूख, वसुली यावर शाहू तडजोड करत आले होते आणि करत राहिले असते. 'तू खरा वारस आहेस का, हे सिद्ध कर' एवढे मात्र त्यांना कुणी म्हणायचे नव्हते. वीस वर्षांपूर्वी ताराबाईंनी तेच म्हटले होते. आता ते एका सुभेदाराने म्हटले. बाजीरावांनी हा संताप विझू दिला नाही, हेही खरे. जे त्यांना दरबारातल्या वादात मिळत नव्हते ते निजामाने स्वतःच्या हाताने आणून दिले. तडजोडीच्या बाजूने बोलणाऱ्यांची जागाच उरली नाही. त्या क्षणी प्रतिनिधींचा पक्ष हरला आणि हरवणारा निजाम होता!

बाकीची हकिकत सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. पावसाळा संपताना बाजीराव निघाले. जालना आणि सिंदखेडचा मुलूख लुटत, वाशीम-मंगरूळकडून वळून खानदेशमार्गे गुजरातेत गेले. म्हणजे तीन वर्षांपूर्वी ज्या माणसाच्या विजयासाठी ते या भागात उभे होते, त्याचाच मुलूख म्हणून आपली खेडी आता जळत होती. साताऱ्यातला वाद ज्यांच्या कानावरही गेला नव्हता त्यांची ती खेडी. निजामाने तिकडे पुणे घेतले, तिथे कोल्हापूरच्या संभाजीराजांना छत्रपती म्हणून मिरवले. बाजीराव माघारी फिरले, निजाम जड तोफा मागे ठेवून धावला आणि १७२८च्या फेब्रुवारीअखेर पालखेडजवळ पाणी आणि रसद तुटून कोंडला गेला. ६ मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. शाहूंचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य, काढलेले कमाविसदार परत. संभाजीराजांना मराठ्यांच्या स्वाधीन करायला मात्र निजामाने नकार दिला. त्यांना पन्हाळ्याला सुखरूप जाऊ द्यावे असे ठरले. आपल्या आसऱ्याला आलेल्याला त्याने हवाली केले नाही. हेही नोंदवायला हवे, कारण आपल्या पुस्तकांत ते बहुधा सुटते.

आता माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट. इतका मोठा विजय मिळाल्यावर शाहूंनी प्रतिनिधींना काढले का? नाही. दुसरा कुणी राजा असता तर निजामाशी तह करू पाहणारा प्रतिनिधी फितूर ठरून कुठल्या तरी किल्ल्यात सडला असता. शाहूंनी त्यांना त्याच मानाने ठेवले. १७३० मध्ये त्याच श्रीपतरावांनी वारणाकाठी कोल्हापूरकरांचा पराभव केला आणि १७३१ साली दोन्ही गाद्यांत तह झाला. सेनापती दाभाडे १७३१च्या एप्रिलमध्ये डभोईला बाजीरावांशी लढताना पडले, तेव्हा शाहू स्वतः तळेगावला जाऊन उमाबाईंची समजूत घालून आले. माणसे तुटू नयेत हा त्यांचा ध्यास होता.

या ध्यासाची किंमतही होती, आणि ती १७३३ साली जंजिऱ्यावर मोजावी लागली. सिद्दीचा बंदोबस्त करायला बाजीराव आणि प्रतिनिधी दोघांनाही धाडले गेले. एकाला पाठवले असते तर दुसरा दुखावला असता! प्रतिनिधींनी आतून संधान बांधून जूनमध्ये रायगड घेतला. शिवछत्रपतींची राजधानी चव्वेचाळीस वर्षांनी परत आली, पण ती प्रतिनिधींच्या हाताने आली म्हणून पेशव्यांच्या छावणीत फारसा उत्साह दिसत नाही. पुढे दोघांचे जमले नाही, आरमाराचा धनी सेखोजी आंग्रे ऑगस्टमध्ये वारला, आणि बाजीराव वर्षाअखेर तह करून निघून आले. जंजिरा तसाच राहिला, आणि पुढेही तो मराठ्यांना कधी मिळाला नाही. ज्या स्वभावाने १७२८ नंतर दरबार फुटू दिला नाही, त्याच स्वभावाने १७३३ मध्ये मोहीम फुकट घालवली.

दिल्लीविषयीचे त्यांचे धोरणही स्वभावातूनच आलेले. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीपर्यंत पोचले आणि शहर न जाळता परतले. त्यामागे बाजीरावांचे स्वतःचे गणित होते, ते त्यांनी चिमाजी अप्पांना पत्रात लिहून कळवलेही. पण बादशाही तख्ताचा मान राखायचा ही शाहूंची रेघ त्या गणितात धरलेली होती. झीनतुन्निसा बेगमेच्या डेऱ्यात वाढलेल्या मुलाने काढलेली रेघ.

बाजीराव १७४० मध्ये गेले, श्रीपतराव १७४६ मध्ये. निजाम १७४८च्या जूनमध्ये बुऱ्हाणपूरला वारला. सेतुमाधवराव पगडींनी फार्सी साधने मराठीत आणली नसती तर या माणसाची दुसरी बाजू मराठी वाचकाला कधी कळली नसती. निजामाने मुलांसाठी वसियतनामा ठेवला. त्यात सुरवातीलाच सांगितले आहे की दख्खनवर राज्य करायचे असेल तर मराठ्यांशी सलोख्याने राहा, ते या मुलखाचे जमीनदार आहेत. पालखेडला पाण्यावाचून कोंडला गेलेला, आयुष्यभर मराठ्यांशी कधी तह तर कधी लढाई करणारा म्हातारा हे सांगतो. साताऱ्याच्या दरबारात वीस वर्षांपूर्वी श्रीपतराव जे निजामाविषयी सांगत होते, जवळजवळ तेच, फक्त पलीकडच्या काठावरून.

पुढच्या वर्षी, डिसेंबर १७४९ मध्ये, शाहू महाराज गेले. जाण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने दोन याद्या लिहून कारभार पेशव्यांच्या हवाली केला. राज्याचे कागद साताऱ्याहून पुण्याला गेले. प्रतिनिधी, सुमंत, मंत्री ही पदे राहिली, मानपान राहिला. पण पेशव्याच्या तोंडावर 'हे करू नका' म्हणायला जिथे उभे राहता येत होते, तो दरबार मात्र पुण्याला गेला नाही.

त्या मुलाने दुसऱ्या दिवशी मला पुन्हा गाठले. म्हणाला, "सर, घरी विचारलं. आजोबा म्हणाले आमचं मूळ गाव साखरखेर्ड्याजवळच. मग त्या वेळी आमचे लोक कोणाकडून होते?"

मी म्हणालो, "तुझे लोक शेतात होते, बेटा. कोण जिंकलं ते त्यांना वसुलीला कोण आलं त्यावरून कळलं असेल."

"मग कोण आलं?"

"दोघेही," मी म्हणालो, आणि तेवढ्यात घंटा झाली.